मळ्यातलं कोकण

कोकणाविषयी आमच्या मोठेबाबांना जेवढं ठाऊक आहे तेवढं खुद्द कोकणातल्या माणसालाही ठाऊक नसेल, आणि हे मी कोकणात राहून सांगते आहे. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आर्वीजवळ आमचा भाजीचा मळा; जाम गावच्या चौकापलीकडे जायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. भाजी गुंडाळायला आणलेल्या रद्दीत त्यांना एकदा कोकणाच्या भूगोल-इतिहासाचं फाटकं पुस्तक सापडलं, आणि त्या दिवशी सगळी भाजी उघडीच विकली गेली.

मग काय, मळ्याचा धुरा, म्हणजे उंच बांध, झाला सह्याद्री. अलीकडचा लांब पाट गोदावरी, पलीकडच्या उतारावरच्या आखूड सऱ्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. ओलीत करताना आम्हा भावंडांना धुऱ्यावर बसवून ते पाणी सोडत. "पाह्य, हे कोकनातली नदी. निंगाली का पोचली. दम खायले जागाच नाई तिले." इतिहास मात्र बाजाराच्या दिवशी. चौलच्या बंदरात अरबी घोडे उतरत आणि घाट चढू लागत, तेवढ्यात एखादी बाई म्हणे, "भाऊ, घोडे चढू द्या सावकाश, मले मेथी द्या." जी घाटमाथ्यापर्यंत ऐकून घेई तिला एक जुडी जास्त मिळे.

मी शिक्षिका झाले आणि नेमणूक निघाली नेमकी रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावात. आई हटून बसली, "पोरीले एकटीले काऊन धाडता?" मोठेबाबा म्हणाले, "एकटी कुठं? वळखीचा मुलूख हाय आपला." आणि मला पोचवायला स्वतः निघाले. घाटात प्रत्येक डोंगराचा किल्ला त्यांनी एसटीभर सांगितला. निम्मे चुकले असतील, पण त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही.

त्या पुस्तकातली एकच ओळ त्यांनी पेन्सिलीनं खोडली होती: खाडीचं पाणी दिवसातून दोनदा उलटं चढतं. "लिहिनारानं कधी ओलीत केलं नसन," असं त्यांचं मत. गावात पोचल्या पोचल्या त्यांनी काठावर एक काडी रोवली आणि बसून राहिले. दुपारी पाणी वर सरकू लागलं, काडी बुडाली. मग म्हणाले, "चुकलो. घरी बसून खोडलं म्या."

माझं लक्ष पाण्याकडे नव्हतंच. दुसऱ्या दिवशी हजर झाले नाही तर नोकरी जाणार होती, आणि मला फक्त घरी जायचं होतं. "मोठेबाबा, मीही येते तुमच्याबरोबर. माझ्यानं नाही होणार," मी म्हणाले. ते दोन दिवस राहणार होते. समुद्र समोरच्या टेकडीमागेच होता, सकाळी पाहू असं ठरलं होतं. त्यांनी पिशवी उचलली.

"मी आत्ताच्या गाडीनं जातो."

"आणि समुद्र?"

"म्या राह्यलो त तू माह्या मागंच निंगशीन. उद्या शाळेत जाजो."

मी गेले. त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांचे आभार मी मानलेले नाहीत. आमच्या घरात तशी पद्धत नाही, आणि मानायचे तरी कोणत्या शब्दांत? गुडघे आता त्यांना एसटीची पायरी चढू देत नाहीत. फोनवर मी सांगते तो समुद्र ते नीट ऐकून घेतात आणि मळ्यावर येणाऱ्या माणसाला स्वतः पाहिल्यासारखा सांगतात. कुणी मला खरंखोटं विचारलंच तर मी सांगते, हो, आम्ही दोघांनी मिळून पाहिला.