खाटेवरची पेशंट

बहिणीनं पोंभुर्ण्याहून पाठवलेलं वाळलेल्या मोहफुलांचं पाकीट आज उघडलं. त्या गोडसर, आंबूस वासासरशी जर्मनीतली ही खोली विसरले आणि आमच्या अंगणात पोचले. नर्सच्या नोकरीसाठी मी तिथं बसून जर्मन घोकायचे. मोहफुलं वाळत घालणारी माय माझ्या सरावासाठी पेशंट होऊन खाटेवर पडायची.

मी जर्मनमध्ये विचारायचे, "कुठं दुखतंय?" ऐकून ऐकून प्रश्न तिला कळायला लागला होता. पोटावर हात दाबून ती म्हणायची, "इथी दुखते, बाई." दर वेळी तिथंच.

"माय, तू तं खरीच पेशंट वाटून राह्यली!" आम्ही दोघी हसायचो.

मी इकडं आले आणि वर्षाच्या आत माय गेली. बहीण फोनवर रडत म्हणाली, "पोटाचं दुखणं जुनंच होतं. तू जाशील नाई म्हणून मायनं तुले सांगतलं नाई."

सांगितलं होतं. रोज, खाटेवर पडून.