उरलेलं मीठपाणी

सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर एक आजोबा मला एकदाच भेटले. कंपवातामुळे त्यांची पावलं अडखळायची. डोक्याला हलका विद्युतप्रवाह देणारा पट्टा घरच्या घरी कसा वापरायचा, ते शिकवायला मी गेले होते. मांडीवरचा त्यांचा उजवा हात सारखा थरथरत होता.

पट्ट्यातले स्पंज मिठाच्या पाण्याने भिजवावे लागतात. मी वाटीत मीठपाणी केलं, थोडं स्पंजांवर ओतलं आणि सवयीने म्हणाले, "उरलेलं फेकून द्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पेशंट मीच.

"डोक्यात करंट सोड बाय, मी सोसीन. पन पानी फेकाया नको सांगू."

समोरच्या चढावरून त्यांची बायको डोक्यावर हंडा घेऊन येत होती. त्यांनी वाटी उचलली आणि चुलीवरच्या नाचणीच्या पेजेत रिकामी केली. एक थेंब सांडला नाही. हात कामाला लागला की ही थरथर कमी होते, हे मी शिकलेय. तरी बघतच राहिले.

आता दुसऱ्या पाड्यांवर शिकवायला जाते, तेव्हा मीठपाणी स्वच्छ वाटीतच करते. आणि पिशवीतून पट्टा काढण्याआधी विचारते, "चुलीवर पेज आहे ना?"