सिस्टरांचे साहेब

कौसल्या सिस्टर बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरून नाडी बघायच्या. वडवणीच्या दवाखान्यात मी नवी नर्स म्हणून रुजू झाले, त्या दिवशी त्यांनी विचारलं, "भ्या वाटतंय का?"

"नाही," मी म्हणाले. माझं मनगट त्यांच्या बोटांत होतं.

"वाटतंय की! चल, आदी च्या पिऊ."

त्यांनी लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाचं, भीमरावांचं शिक्षण, लग्न, शेतातली विहीर, पुतणीचं कॉलेज, सगळं त्यांच्या पगारातून झालं. स्वतःसाठी नवी साडी म्हणजे कुणी सणाला नेसवली तरच. त्या निवृत्त झाल्या, हातात एकरकमी पैसे आले, तेव्हा भीमरावांनी त्यातून मुलासाठी पिकअप गाडी घ्यायचं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

नेमक्या त्याच हिवाळ्यात सिस्टर डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेल्या आणि येताना झाकणाची टोपली घेऊन आल्या. मी त्यांच्या शेजारच्याच खोलीत राहायचे. झाकण उघडून बघते तर आत पांढुरकं, लांबुळकं, मऊ केसांचं एक जनावर मुटकुळं करून झोपलेलं.

"मुंगूस?"

"फेरेट म्हणत्यात याला. दवाखान्याशेजारी पाळीव जनावरांचं दुकान व्हतं. पट्टी काढल्यावर सहज आत गेले. बोट धरून बसला बघ, सोडीच ना."

"केवढ्याला?"

"पस्तीस हजार. पिंजरा येगळा."

मी खाटेवर बसलेच. गल्लीतल्या एकानं तर येऊन सांगितलं, "सिस्टर, आमच्या बांधावर असली मुंगसं फुकट फिरत्यात. दोन धरून आणू का?" सिस्टर नुसत्या हसल्या. जनावराचं नाव त्यांनी साहेब ठेवलं. "दिसभर झोपतो, उठला की मटण मागतो, कामाचं नाव न्हाई. नोकरीत असे लई साहेब बघितले मी."

विकत घेताना झाला तो खर्च सोपा होता, अवघड पुढेच होतं. साहेब मांसाशिवाय काही खाईना आणि सिस्टरांच्या गळ्यात तुळशीची माळ. पदर डोक्यावर घेऊन त्या चिकनच्या दुकानात गेल्या. अजीमभाईंचा सुरा हातातच राहिला. "सिस्टर, माळ काढली काय?"

"मी कशाला खाऊ? घरी साहेब हायेत, त्यांना लागतं."

दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की, कौसल्या सिस्टरांनी उतारवयात घरात कुणी साहेब आणून ठेवलाय. आमच्या दवाखान्यातल्या हेडक्लार्कची बायको विरजण मागायच्या निमित्तानं आली आणि दारातूनच मान लांब करून आत बघू लागली. सिस्टर अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "झोपलेत. मधीच उठवलं तर चावत्यात."

खोलीला कायम उग्र वास असायचा. माझे पायमोजे, किल्ल्या, सिस्टरांचा चष्मा, काहीही हरवलं की खाटेखाली साहेबांच्या साठ्यात सापडायचं. पण जाग आली की तो पाठ वाकवून आडव्या उड्या मारायचा, कोंबडीसारखा कुटकुट आवाज काढायचा, आणि सिस्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. लस टोचायला त्याला पुण्याला नेत. उन्हं तापायला लागली तसा त्याच्यासाठी कूलर आला. पत्र्याच्या त्या खोलीत इतके उन्हाळे काढलेल्या बाईनं स्वतःसाठी कधी कूलर घेतला नव्हता.

होळीच्या सुमारास भीमराव आले आणि उंबऱ्यातच थांबले. "आक्का, पोराच्या गाडीला पैसे न्हाईत अन् या उंदराला कूलर? कावून केलंस असं? आमी काय कमी केलं व्हतं तुला?"

"केलं काय व्हतं, ते सांग आदी," सिस्टर शांतपणे म्हणाल्या.

भीमराव चहा न घेताच गेले. दर पाडव्याला पुरणपोळ्या घेऊन येणारा भाऊ त्या पाडव्याला आला नाही. सिस्टर मात्र दुपारभर दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "वारा लागतो हितं," म्हणाल्या.

मे महिन्यात गल्लीची डीपी जळाली आणि सकाळीच लाइट गेली. दुपारी साहेब ओल्या फडक्यावर लुळा पडला, तोंड उघडं, डोळे थिजलेले. अडलेल्या बाळंतिणींना चालत्या जीपमध्ये सोडवणारी बाई त्याच्या छातीवर पुन्हा पुन्हा बोटं टेकवून बघत होती. "नाडी घावंना गं मला!" जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "म्हशीचं विचारा, सांगतो. हे मी कधी पाहिलेलंच नाही. गार ठेवा, एवढंच." मी बाहेर आले आणि सिस्टरांना न सांगता भीमरावांना फोन लावला. "तुमच्या आक्का रडताहेत," एवढंच बोलले.

थोड्याच वेळात दारात मोटारसायकल थांबली. भीमरावांच्या हातात, गोणपाटात गुंडाळलेला, रसवंतीवरून आणलेला बर्फ होता. त्यांनी आधी बहिणीकडे पाहिलं, मग फडक्यावरच्या साहेबाकडे. "पत्र्याखाली मरंल हे. चल घरी. आपल्या मातीच्या माळवदाच्या खोलीत गारवा हाय."

"तुझ्या घरी उंदीर कशाला न्यायचा?"

"भांडायचं का जायचं, आक्का?"

त्या निघाल्या. मांडीवर टोपली, टोपलीत साहेब आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ, आणि एक हात भावाच्या खांद्यावर.

साहेब वाचला. पुढच्या आठवड्यात मी भीमरावांच्या मळ्यातल्या घरी गेले, तर ओसरीच्या खाली माळकरी भीमराव मान पलीकडे वळवून, चिमट्यानं साहेबाला चिकन भरवत होते. मला बघून ओशाळले. "आक्का आंगुळीला गेलीय. उपाशी ठिवायचं का मग त्याला?" त्यांच्या मुलानं स्वतःच्या कमाईतून जुनी गाडी घेतली. आक्कांकडे पैसे कुणी मागितले नाहीत आणि त्यांनीही दिले नाहीत. उन्हाळा सरला तरी त्यांना कुणी परत जाऊ दिलं नाही.

साहेब त्यानंतर तीन हिवाळे जगला आणि एका थंड पहाटे झोपेतच गेला. भीमरावांनी लिंबाखाली खड्डा खणला. सिस्टर खूप रडल्या. मग डोळे पुसून भावजयीला म्हणाल्या, "मजा केली बघ आमी दोघांनी."

त्याच वर्षी माझं लग्न झालं आणि सासरच्या गावी, नेकनूरला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीत शेतातल्या शेंगा भरल्या. म्हणाल्या, "पोरी, पगारातलं थोडं येड्यासारखं खर्च करीत जा. शाण्यासारखं खर्चायला लावणारे घरोघर असत्यात."

नेकनूरच्या पहिल्या पगारात मी हार्मोनियम घेतली. मला वाजवता येत नाही. सासूबाईंनी तिच्यावरून एक बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कशाला गं?"

"हवी होती," मी म्हणाले आणि भाता ओढला. असा काही भयंकर आवाज निघाला की, सासूबाई आधी दचकल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसतच सुटल्या.