नऊ दिवस उशिरा लागलेला निकाल

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात कागदपत्रांच्या पडताळणीला बसले होते. समोर उमेदवारांची रांग आणि माझं बोट एका गुणपत्रिकेवरच्या तारखेवर. फोनवर तिचा भाऊ होता. "गेली ती, सकाळी," एवढंच म्हणाला. कावीळ झाली होती तिला. त्याच्या पंधरा दिवस आधी मी भेटायला गेले तेव्हा अंथरुणात बसून माझी चेष्टा करत होती, की तुम्ही सरकारी माणसं आजाऱ्याला भेटायलाही रजेचा अर्ज टाकून येता... मी फोन ठेवला आणि हातातली गुणपत्रिका तपासून पूर्ण केली. तसं का केलं, ते मला आजही सांगता येत नाही.

त्याला आता दीड महिना होईल. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती लपवून नसीमबद्दल लिहिणं हा लबाडपणा ठरेल. मी करते ती नोकरी नसीमची होती.

आम्ही दोघी दिवेआगरच्या. श्रीवर्धनला टायपिंगच्या क्लासला एकाच एसटीने जायचो. तिची बोटं माझ्यापेक्षा कितीतरी वेगात चालायची. माझं पान भरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसलेली असायची. मग वादळ आलं. आमचं घर स्लॅबचं, ते राहिलं. तिच्या घराची कौलं उडाली, वाडीतल्या सुपाऱ्या एकीवर एक आडव्या झाल्या. त्यानंतरच्या टायपिंगच्या परीक्षेला मी बसले आणि पास झाले. नसीम मात्र भावाबरोबर झाडं तोडून वाडी मोकळी करत होती. तिची परीक्षा पुढच्या सत्रात झाली, आणि निकाल लागायच्या आतच लिपिकाच्या जागांची जाहिरात निघाली. आम्ही एकाच दिवशी, शेजारी शेजारी बसून अर्ज भरले. 'अर्हता प्राप्त केल्याचा दिनांक' या रकान्यापाशी ती थांबली. मी म्हटलं, "परीक्षेची तारीख टाक की. पेपर दिला म्हणजे झालं." आमच्याकडे सगळे असंच समजायचे, क्लासचे सरसुद्धा पेपर झाला की पेढे मागायचे. तिने ती तारीख टाकली. अर्जाची मुदत संपली आणि त्यानंतर नऊ दिवसांनी तिचा निकाल लागला. पास तर ती होणारच होती.

निवड यादीत नसीमचं नाव होतं, प्रतीक्षा यादीत पहिलं माझं. पडताळणीला मी तिच्यासोबत गेले होते. टेबलावरचे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी दोनदा तारीख पाहिली आणि म्हणाले, "अर्जाच्या शेवटच्या तारखेला अर्हता हातात पाहिजे हो. तुमचा निकाल नंतरचा आहे." ती बाहेर येऊन पायरीवर बसली. मग म्हणाली, "सुजू, आता तुझं नाव लागेल. घरी जाऊन कागद काढून ठेव." त्या क्षणी मला आनंद झाला... हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लाज त्याच्या मागून आली, आणि ती अजून गेलेली नाही.

घरी नसीमने सांगितलं, की सुजाताला लागलेली नोकरी वेगळ्याच जाहिरातीतली आहे. तिच्या आईला, आम्ही अम्मी म्हणतो त्यांना, ते खरं वाटलं. अम्मी मला तांदळाची भाकरी वाढता वाढता म्हणायच्या, "जिला माझ्या पोरीची नोकरी मिळाली ना, तिला ती पचायची न्हाय." नसीम लगेच विषय बदलायची. मी खाली मान घालून भाकरी खायचे.

पुढच्या दोन भरतींत तिचं नाव यादीत आलं नाही. मग ती गावातल्या मुलींचे अर्ज भरून द्यायला लागली. निकालाचा कागद स्वतः बघितल्याशिवाय ती अर्ज उघडायचीच नाही. मुली वैतागायच्या, पण तिच्याकडेच यायच्या. एकदा मी एका मुलीला दोन दिवसांच्या फरकावरून अपात्र ठरवलं आणि जेवण गेलं नाही म्हणून नसीमला फोन केला. ती म्हणाली, "तू तारीख सोडली असतीस, तर यादीत तिच्या खाली असलेल्या पोरीनं कुठं जायचं?" ती खालची पोर कोण, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेले. अम्मी ओटीवर सुपारी कातरत होत्या. नसीमचा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. पोरींचे फोन येतात म्हणून त्या तो बंद होऊ देत नाहीत. मी बसले तेवढ्यात तो वाजला. "तूच बोल गो, मला न्हाय कळत त्यातलं," अम्मी म्हणाल्या. पलीकडच्या मुलीचा निकाल लागायचा होता आणि परवा शेवटची तारीख होती. मी म्हटलं, भरू नकोस. ती हटेना. "पेपर चांगले गेलेत, मॅडम. निकाल काय, येईलच." माझा आवाज चढला. "माझ्या मैत्रिणीनं असाच भरला होता. तारीख मीच सांगितली होती तिला. नोकरी गेली तिची, आणि ती मला मिळाली."

फोन ठेवला तेव्हा अडकित्त्याचा आवाज थांबलेला होता.

"तुला मिळाली?"

"हो, अम्मी."

"नसीम बोलली न्हाय कधी."

"नाही बोलली."

त्या उठून आत गेल्या. मी ओटीवरून उतरून चपला घातल्या. या घरात आता परत यायचं नाही, असं मनाशी म्हणत होते. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मला हात लावायचा धीर होईना. अम्मी बाहेर आल्या, त्यांनी तो उचलला आणि पदराने डोळे पुसत ऐकून घेतलं.

"न्हाय गो बाय, नसीम न्हाय आता," त्या म्हणाल्या. "तिची मैत्रीण हाय हितं. तिला समदं ठावं हाय. थांब, देते."

माझ्याकडे न बघताच त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.