बरणीतला खडा

१४ डिसेंबर, शनिवार. गार वारा. दूध फाटले. धाकट्या जाऊबाईंचा खडा पुन्हा लहान झाला. घरात सगळे हळू बोलत आहेत.

माझी धाकटी जाऊ शाळेत विज्ञान शिकवते. मुलं तिला मागून तुरटीबाई म्हणतात आणि ते तिला ठाऊक आहे. येत्या महिन्यात ती निवृत्त होणार. शेवटच्या प्रदर्शनात लिंबाएवढा तुरटीचा स्फटिक दाखवीन, असं ती वर्गात सांगून बसली होती.

कृती साधी. गरम पाण्यात मावेल तितकी तुरटी विरघळवायची, गार झालं की त्यात दोऱ्याला बांधलेला बारीक खडा सोडायचा. पाणी हळूहळू उडून जातं, तुरटीला पाण्यात जागा पुरेनाशी होते आणि ती खड्यावर येऊन बसते. खडा वाढतो. फक्त बरणीला हात लावायचा नाही. तशी ताकीद घरभर दिलेली होती.

पण खडा वाढेना. वाटाण्याएवढा व्हायचा आणि पुन्हा झिजायचा. तिने तुरटी बदलली, दोरा बदलला, खिडकी बंद ठेवून पाहिली. शेवटी बरणीवर शाईची खूण केली, पाणी किती उडतं ते पाहायला.

त्या शनिवारी खुणेकडे बघत ती म्हणाली, "वहिनी, पातळी हललीच नाही! पाणी उडायचं विसरलं का काय?"

भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, चहा ओतत होते. या माणसाला रिकामं काही बघवत नाही. फुलदाणी, किटली, माझी शाईची दौत, सगळं काठोकाठ. ते समाधानाने म्हणाले, "हलेल कशी? रोज सकाळी मी बघतो ना."

"काय बघता?"

"कमी झालं की भरतो. आधी अंदाजाने भरायचो. तू खूण केलीस, फार सोय झाली."

जाऊ खुर्चीत बसली. "अहो, हात लावू नका म्हटलं होतं मी!"

"हात कुठे लावला? चमच्याने घातलं."

मला हसू आवरेना. ती माझ्यावरही रागावली. मग हळूच म्हणाली, "मुलांना काय दाखवू आता? मी लिंबू म्हणाले होते, वाटाणासुद्धा नाही."

भाऊजींचा चेहरा उतरला. "मी येऊन सांगतो त्यांना. चूक माझी आहे."

ती म्हणाली, "या. पण येताना चमचा आणा."

गुरुवारी प्रदर्शनात तिने दोन पेले मांडले. दोन्हीत तुरटीचं तेच तयार पाणी, दोन्हीत दोऱ्याला तांदळाएवढा खडा. एका पेल्याला कोणी शिवायचं नाही. दुसऱ्यापाशी भाऊजी कोट घालून, चमचा घेऊन. ते साधं पाणी घालत राहिले, मुलं ओरडत राहिली, "काका, अजून एक!" आधी खड्याचे कोपरे गेले, दुपारपर्यंत नुसता दोरा उरला. शेजारचा खडा होता तसाच.

एका मुलीने विचारलंच, "बाई, पण लिंबाएवढा?"

"तो तू वाढव," जाऊ म्हणाली. "आणि आधी घरातला चमचा शोधून काढ."

घरी येताना भाऊजींनी शपथ घेतली, आता कशातच पाणी घालणार नाही. चार दिवसांनी मी रोजच्या वहीत लिहिलं:

फुलदाणी कोरडी. फुले माना टाकून.