पेटीतलं कुसळ

आमच्या ह्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. चर्चमागच्या दफनभूमीत जाणाऱ्या पेट्या हेच करतात. फळीला आतून रंधा मारतात, काचपेपरने घासतात आणि मग चक्क आपला गाल तिच्यावर फिरवतात. हाताला घट्टे पडलेत, गालाला कुसळ बरोबर कळतं, असं त्यांचं म्हणणं. नवी नवरी असताना मी हसून विचारलं होतं, "अहो, मेलेल्याला काय टोचणार, कपाळ?" तर म्हणाले, "न्यायाच्या दिवशी देवासमोर उभं राहायचंय त्याला. अंगावर माझ्या हातचा ओरखडा नको."

आमची पोर गेली तेव्हा तिचीही पेटी ह्यांनीच केली. दारू ढोसून ट्रक हाकणाऱ्याने तिला शाळेच्या फाटकासमोर चिरडलं होतं. पेटी करताना कामाच्या खोलीत कुणीतरी रडत होतं. ह्यांचे डोळे कोरडे ठणठणीत, माझे रडून आटलेले, आणि तिसरं तिथे कुणीच नव्हतं. "देव रडतोय गं आपल्या पोरीसाठी," हे म्हणाले. त्या एका वाक्यावर मी आजवर तग धरला.

तो ट्रकवाला तुरुंगातून सुटून आला आणि मागच्या आठवड्यात मेला. त्याची म्हातारी आई आमच्या दारात येऊन उभी राहिली. "मिस्त्री, दुसऱ्या कुणाकडे जाऊ रे मी?" हे मान खाली घालून 'बरं' म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारी वळताच मी बजावलं, "पेटी करा, पण आतून रंधा मारायचा नाही. ओरखडे घेऊनच जाऊ दे मेल्याला देवापुढे!" ह्यांनी फळ्या तशाच खरबरीत ठोकल्या.

भर दुपारी चहा घेऊन गेले, तर रडणं ऐकू आलं.

"तुम्ही रडताय?"

"नाही. तुलाही येतंय ना ऐकू?"

फळ्यांच्या थप्पीमागे पाहिलं, माळ्यावर पाहिलं. कुणी नाही. आवाज त्या रिकाम्या पेटीतून येत होता. अंगावर सर्रकन काटा आला, कारण आवाज ओळखीचा होता. पोरीच्या वेळचाच.

"त्याच्यासाठी पण?" मी ओरडले. "आणि तेवढंच? अरे देवा, जरा तरी कमी रडायचं होतंस!"

ह्यांनी काचपेपर उचलला आणि पेटीत वाकले. उन्हं उतरेपर्यंत घासत राहिले, तरी रडणं थांबेना. शेवटी गाल टेकवला आणि लगेच उचलला.

"माझा गाल ओला झालाय, काही कळत नाही," म्हणाले. "तू बघ."

मी? त्या मुडद्याच्या पेटीत? पाय वळेनात, तरी गेले. वाकून फळीवर गाल फिरवला. सगळी गुळगुळीत होती. फक्त डोकं टेकतं तिथे एक कुसळ टचकन टोचलं.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? हे तोंड फिरवून उभे होते. रडणारा मात्र अगदी माझ्या कानाशी होता.

"अहो," मी म्हणाले, "इथे एक राहिलंय."