धडधाकट पायाची उडी

नोव्हेना भागातल्या आमच्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये तो सर्बियन फुटबॉलपटू आठ महिने येत होता आणि खरं सांगते, शेवटी शेवटी मला त्याचा कंटाळा आला होता. त्यालाही माझा आला असणार. रोज तेच. पाय उचल, दहा मोज, खाली ठेव. घरून, म्हणजे पार यिशुनहून, एमआरटीच्या मेट्रोत उभ्याने यायचं आणि दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायचे. माझ्या स्वतःच्या गुडघ्यांना विचारतंय कोण!

त्याचं वय छत्तीस. बचावफळीत खेळायचा. गावच्या क्लबापासून सुरुवात, मग सायप्रस, कझाकस्तान, मलेशिया आणि आता इथला एक क्लब. "तिथली मैदानं कशी होती रे?" असं विचारलं तर म्हणायचा, "हिरवी." बास, पुढे एक अक्षर नाही. उजव्या गुडघ्यातला लिगामेंट तुटून ऑपरेशन झालं होतं. क्लबाचं म्हणणं साफ होतं. शुक्रवारपर्यंत फिट असल्याचा रिपोर्ट आला तर आणखी एका सीझनचा करार, नाहीतर इथे काम करायचा परदेशी पास रद्द आणि घरचा रस्ता. रिपोर्ट लिहिणार कोण, तर मी.

शेवटची चाचणी आमच्याकडे अगदी सोपी असते. जमिनीवर टेप चिकटवलेली असते. एका पायावर उभं राहून लांब उडी मारायची, आधी धडधाकट पायाने, मग ऑपरेशनच्या. दोन्ही उड्या जवळजवळ सारख्या आल्या की पास. त्याच्या आल्या, अगदी सारख्या! मी शाब्बास म्हणाले, तो हसला आणि बाहेर जाऊन बसला.

रिपोर्ट लिहायला फाइल उघडली आणि माझं डोकंच फिरलं. ऑपरेशनच्या आधी त्याच्या धडधाकट डाव्या पायाची उडी मोजून ठेवली होती. आज तोच पाय चांगला हातभर मागे पडला होता.

हा प्रकार मला नवा नव्हता. खेळाडू चांगल्या पायाने मुद्दाम छोटी उडी मारतात, म्हणजे दुखऱ्याचं निभावून जातं. आठ महिने मी याच्यामागे घसा कोरडा केला आणि शेवटी हा मलाच बनवतो? त्याला आत बोलावलं आणि इंग्रजीत जेवढं रागावता येतं तेवढं रागावले. मग "मला काय दुधखुळी समजलास का?" हे मराठीतच हाणलं, कारण त्याशिवाय माझा राग उतरत नाही.

"पुन्हा मार," म्हटलं. "डाव्या पायाने. सगळा जोर लावून."

तो रेषेवर उभा राहिला, ओठ आवळले, हात मागे नेले आणि उडी मारली. मानेवरची शीर टरारलेली दिसली मला. पाय पडला तो मघाच्याच जागी. पुन्हा मारली. दोन बोटं मागे. तिसऱ्यांदा तोल गेला आणि हात टेकून तो खालीच बसला.

लबाडी नव्हतीच. दुखरा गुडघा बरा होईपर्यंत चांगला पाय म्हातारा झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ महिने मी उजव्याकडेच बघत बसले आणि ज्याला माप म्हणून धरलं होतं तोच पाय खचत चालला होता.

"सॉरी," मी म्हणाले. "नियमाने तू पास आहेस."

"पहिल्याच सामन्यात कुणीही मला मागे टाकून जाईल," तो म्हणाला. "मॅडम, गुडघा तयार नाही असं लिहा."

"अरे, गुडघा बरा आहे तुझा!"

"माहीत आहे. पण गुडघा म्हटलं की घरी कुणी पुढे विचारत नाही."

वाद घालायचं त्राण माझ्यातही उरलं नव्हतं. आजवर रिपोर्टमध्ये खोटं लिहिलं नव्हतं, ते त्या दिवशी लिहिलं.

त्याने तिथेच जमिनीवर बसून आईला फोन लावला. त्यांची भाषा मला कळत नव्हती. पलीकडून बाईचं रडणं मात्र ऐकू येत होतं. तो तिला समजावत होता आणि त्या बऱ्या झालेल्या गुडघ्यावर थापट्या मारत होता. म्हातारी बहुतेक त्या गुडघ्यालाच शिव्या देत असावी.